डाव्या हाताचे चौकोन

सोमवार, ३ नोव्हेंबर

पल्लवी आणि जावई सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. चिवड्याचा डबा विसरली. (मुद्दाम. डाएट.) लेक जावयासकट दिवाळीला येऊन गेली की घर एकदम मोठं होतं. उरलो मी आणि हे. हे बोलतात ते चेष्टेपुरतं.

दुपारी भांडी झाल्यावर क्रोशाची सुई काढली. फ्रिजच्या दांडीचं कव्हर विटलं होतं, तिथं नवं घातलं. हे खुर्चीतून बघत होते. “टीव्हीला झालं, मिक्सरला झालं, पाण्याच्या बाटल्यास्नी झालं. आता गॅसच्या सिलिंडरलाच झगा तेवढा राहिलाय बघ.”

म्हटलं, माप घेऊन ठेवते.

करू देत चेष्टा. सुई चालत असली की डोकं गप्प बसतं. मग थंडीच्या दिवसांत हिंडलग्यासारख्या गावातली दुपार बरी जाते.

बुध., ५ नोव्हें.

वरच्या खोलीतली नयना कपडे वाळत घालून खाली येताना जिन्यात थांबली. भाडेकरू म्हणून आली, आता घरातलीच झालीय. शहरात बँकेत आहे. “काकू, मला पण शिकवा की हे. दिवसभर कॉम्प्युटर, खोलीवर आलं की मोबाईल. हाताला कायतरी पायजे.”

रविवारी ये म्हटलं. रविवारी निपाणीला घरी जायचं नाही का, विचारलं. “या रविवारी न्हाय, पुढच्या.”

निपाणीला माझंही कोणी आहे. तिला ते माहीत नाही. असायचं कारणही नाही.

रवि., ९ नोव्हें.

पहिला धडा. पार फजिती.

स्टूल घेऊन मी तिच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. मला तसंच शिकवलंय, दुसरी काही पद्धत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. साधी साखळी दाखवली. तिनं बघून बघून सुई डाव्या हातात धरली. उजव्यात घे म्हटलं. घेतली, तर दोरा उलटा. दोरा सुलटा केला, तर सुईचं तोंड भलतीकडं. “काकू, तुमच्याकडं बघून केलं की उलटं व्हालंय, आणि न बघता केलं तर व्हईतच न्हाय.” शेवटी गुंता हातात घेऊन वर पळाली. जैनाची पोर, दिवस मावळायच्या आत जेवते.

भाकरी थापताना लक्षात आलं, आणि तव्यावरची करपली.

आक्का डावखुरी होती.

होती कसली. आहे.

या घरात मी नवी आले तेव्हा मोठ्या जावेनं, आक्कानं, मला क्रोशा शिकवला. जेवणं झाली की मागच्या सोप्यात, समोरासमोर. सासूबाई तिच्या डाव्या हातावरनं फार बोलायच्या. म्हणून ओवाळताना, वाढताना ती उजवा वापरायची, आणि विणायला बसली की डावा. आता डावखुरी बाई समोर बसली, तर उजव्या हाताच्या बाईला आरशात बघितल्यासारखं सगळं सरळ दिसणारच. तिचा हात माझ्या हाताच्या समोर. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी हुशार, एका दुपारीत शिकले. हुशारी कसली. समोर ती होती म्हणून.

तीच करपलेली भाकरी मी खाल्ली. ह्यांना चांगली वाढली.

शुक्र., १४ नोव्हें.

आज नयनाला शेजारी बसवलं. जमलं. साखळी आली, उभे खांबही आले. पोरीचा हात चांगला आहे, आणि सैल. तिला ओरडायला मला काही मिळत नाही.

पण शेजारी बसलं की हात दिसतात, तोंड दिसत नाही. आक्का विणताना सुईकडं बघायचीच नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. टाका चुकला की तिला तोंडावरनं कळायचं. मी फार घट्ट विणते, तेव्हाही तसंच. “हात सैल सोड गं सुमे. दोऱ्याला फाशी देतीस व्हय? त्याला आपल्या गावात जेल हाय की.” आणि स्वतःच हसायची. हिंडलग्याचं जेल आमच्या घराला एवढंच उपयोगी पडलं.

मग माझ्या हातातनं काढून घ्यायची, सरसर उसवायची, दोरा गुंडाळून सुई त्यात खोचून परत द्यायची. बोलायची नाही. परत कर, एवढाच त्याचा अर्थ. रडूच यायचं मला सुरुवातीला.

आता कोणी उसवतच नाही.

रवि., २३ नोव्हें.

झोपायच्या आधी लिहून काढते.

नयना म्हणाली, काकू, जुनं काही केलेलं दाखवा की, चौकोन कसे करतात बघू. माळ्यावरची ट्रंक ह्यांच्याकडून काढून घेतली. तळाशी गाठोडं होतं, हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. वाटणी झाली तेव्हापासूनचं. मी कधी सोडलं नव्हतं. का, ते माझं मला माहीत आहे.

आत आमच्या चादरीचे चौकोन. मधे फूल, भोवती जाळी, कडेला शिंपले. आक्का आणि मी मिळून करत होतो, पल्लवीच्या रुखवतावर मांडायला. पांढरा दोरा आता सायीच्या रंगावर गेलाय. नाकाला लावले. डांबराच्या गोळ्यांचा वास, दुसरं काही नाही.

नयना एकेक उलगडून बघत होती. मग तिनं स्वतः केलेला गोल त्याच्याशेजारी ठेवला. “काकू, हे तुम्ही केलेलं न्हाय.”

“मीच. म्हणजे मी आणि माझी जाऊ.”

“न्हाय. बघा की. फेरी जिथं मिटती, ती रेघ तुमच्या कामात उजवीकडं सरकत जाती. माझ्यात पण. ह्यात डावीकडं सरकालीय. सगळ्यात.”

चष्मा घालून बसले. एकेक बघितला. दारात नेऊन उन्हात बघितला. सगळे डावीकडे. गाठोड्यात माझा एकही चौकोन नाही.

सोम., २४ नोव्हें.

शेत विकून प्लॉट पाडायचे की नाही, यावरनं दोघा भावांचं बिनसलं. आप्पा, म्हणजे मोठे दीर, म्हणाले विकू. हे म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत नाही. सासूबाई गेल्या आणि मध्ये कुणी राहिलं नाही. आप्पांनी आपला वाटा विकला आणि आक्काला घेऊन निपाणीला गेले, तिच्या माहेरगावी. किराणा दुकान घातलं. हे अजून त्यांना घरजावई म्हणतात.

वाटणीच्या दिवशी अंगणात भांडी मांडली होती. पंच बसलेले. पुरुष घंगाळावरनं आवाज चढवत होते. आक्का आतून दोन गाठोडी घेऊन आली, एक हिरवं, एक किरमिजी. हिरवं माझ्या हातात दिलं. “घे. तुझं तुला.” तोंडाकडं बघितलं नाही. माझ्या तोंडाकडं न बघता ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

केवढं लागलं होतं ते मला. एका सोप्यात बसून, एकाच गुंड्यातला दोरा ओढून इतकी वर्षं विणलं, आणि आता तुझं-माझं? म्हणून गाठोडं तसंच ट्रंकेत टाकलं. मनातल्या मनात किती भांडले असेन तिच्याशी. पोळ्या लाटताना, कपडे धुताना. सगळी भांडणं मीच जिंकले.

आणि आत तिचे. सगळे तिचे.

चुकून झालं म्हणायचं, तर आक्का आणि चूक? डोळे मिटून बोट फिरवलं तरी कुणाचा चौकोन ते सांगायची. मग मुद्दाम? मुद्दाम तर “तुझं तुला” का? आणि माझे नेऊन तिनं काय केलं? ठेवलेत? की पायपुसणी केली?

विचारायचं कुणाला. निपाणीला गेल्यावर मी फोन केला होता. आप्पांनी उचलला. शालनआक्काला द्या म्हटलं. “हितं कोण शालन-बिलन न्हाय.” ठेवला. मागून तिच्या बांगड्या वाजल्या, मला ऐकू आल्या. नंतर तो नंबरच बंद. पल्लवीच्या लग्नाची पत्रिका ओळखीच्याच्या हाती पाठवली, कोणी आलं नाही. रुखवत भाड्यानं आणलं. थर्माकोलचा महाल आणि प्लास्टिकचे मोर.

तिनं तरी करायचा होता एक फोन. माझा नंबर तोच आहे.

रवि., ७ डिसेंबर

चौकोन जोडायला घेतले. म्हटलं, असू देत तिचे, निदान छोटी चादर होईल, पडून तरी राहणार नाहीत. तीन-चार दिवस दुपारी तेच केलं. आज खाटेवर अंथरून बघितली. तिरकी. एका बाजूला पळतेय. ओढून सरळ केली की दुसरा कोपरा उचलतो. पाणी मारून, वरनं पोळपाट-वरवंटा ठेवून बघितला. काही नाही.

मग आठवलं. आक्कानंच ठरवलं होतं, एक तिचा, एक माझा, असं आलटून पालटून लावायचं. “माझी डावीकडं ओढत्यात, तुझी उजवीकडं. दोघी असलो तरच चादर सरळ बसंल बघ.” तेव्हा मी ऐकलं आणि विसरले. घरातलं सगळंच तेव्हा जोडलेलं होतं.

हे आत आले. खाटेजवळ थांबले. वाकून एका चौकोनावर बोट ठेवलं. मला वाटलं आता सिलिंडरचं काहीतरी काढणार.

“वहिनीचा हात हाय ह्यो.”

एवढंच म्हणाले आणि मळ्याकडं गेले. यांना कळतं? इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं की यांना कळतं.

मंगळ., ९ डिसें.

सगळं उसवलं. जोडलेलं उसवायला जोडण्याहून वेळ लागतो. पल्लवीचा फोन आला तेव्हा तेच करत होते. “अगं आई, तू नवे कर ना तुझे. तुला काय अवघड?” बरोबर आहे. मला अवघड काही नाही. उजवीकडं पळणारे पाहिजे तेवढे करीन. व्हिडिओवर म्हणे आता जोडायच्या सतरा पद्धती दाखवतात. विकायला पण सांगते पोरगी, ऑनलाईन. छंद आहे गं बाई माझा, दुकान नको करू त्याचं.

नवे करता येतील. पण मला माझेच जुने पाहिजेत. ते तिच्यासमोर बसून केलेत. खरं तर चौकोन तरी कुठं पाहिजेत? मला समोर ती पाहिजे.

लिहिलं एकदाचं.

शुक्र., १२ डिसें.

कोल्हापूरला माझ्या मावसभावाच्या मुलाचं लग्न. हे आले नाहीत, मळ्यात पाणी सोडायचं होतं. येताना एकटीच. कोगनोळी नाक्यावर गाडी बराच वेळ अडकली, मग निपाणी स्टँड. कंडक्टर म्हणाला, गाडी थांबणार, चहा घ्या.

खिडकीतून बघत बसले. पेरूवाली, उसाचा रस, शाळेच्या पोरी. प्रत्येक बाईच्या हाताकडं बघत होते. पिशवी डाव्या हातात असली की मान उंच करत होते. काय वेडेपणा. पिशवी कोणीही डाव्या हातात धरतं.

उतरले असते तर? कुठल्या गल्लीत राहते तेही माहीत नाही. विचारलं असतं, किराणावाला, हिंडलग्याचा. कोणीही सांगितलं असतं. आणि दारात आप्पा.

गाडी सुटली. चहाही घेतला नाही. संकेश्वर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसले, शेजारणीला वाटलं गाडी लागली. तिनं लिंबू दिलं.

रवि., २१ डिसें.

नयना निपाणीहून संध्याकाळी आली. वर न जाता थेट माझ्याकडं. चप्पल काढायच्या आत पर्समधून काढून हातात ठेवलं. तबकाखाली घालायची गोल जाळी. पांढरी, कडेला शिंपले.

“आईला आलतं, गेल्या संक्रांतीला वाण म्हणून. मी शोकेसमध्ये बघितलं आणि म्हटलं थांब. काकू, रेघ बघा.”

डावीकडे.

बोट फिरवलं. शिंपल्याच्या शेवटी एक टाका ती सोडून देते, कोणी सोडत नाही तिथं. तो सोडलेला होता.

“मागल्या गल्लीत किराणा दुकान हाय, त्या आज्जीनी दिलेलं म्हणं. जास्त बोलत न्हाईत त्या. पण दर संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकवाला येत्यात.”

आज्जी! माझी आक्का आज्जी झाली. केस पांढरे झाले असणार. मी काळे करते, तिनं नसतील केले.

विणते अजून. गेल्या वर्षापर्यंत तरी विणत होती. कोणासमोर बसून विणत असेल?

नयनाला सगळं सांगितलं मग. दिवस मावळला, तिचं जेवण राहिलं. म्हणाली, एक दिवस चालतंय काकू.

गुरु., १ जानेवारी

ठरलं. वाण पाठवायचं. नयनाची आई हळदीकुंकू करणार, आक्का येणार, तिच्या हातात माझं वाण पडणार. फोन ठेवून देता येतो, पत्रिका फाडता येते. संक्रांतीचं वाण कोणी परत करत नाही.

पल्लवी फोनवर ओरडली. “आई, एवढं कशाला गं? नयनाकडून शालनकाकूचा नवा नंबर घे आणि बोल ना सरळ!”

बोल म्हणजे काय बोलू? “हॅलो आक्का, माझे चौकोन पाठव”? मला तोंडानं बोलता आलं असतं तर इतकी वर्षं गेली असती का.

काय पाठवायचं ते सुचलंय. तिचा एक चौकोन, जुना. आणि माझा एक, नवा केलेला. दोन्ही एका बाजूनं जोडायचे, निम्म्यापर्यंतच. तिथं दोरा न तोडता फास तसाच सोडायचा, सुटू नये म्हणून पिन लावायची. म्हणजे तिला कळेल.

काय कळेल, ते मला नीट सांगता येत नाही. पण कळेल.

सोम., ५ जाने.

नवा चौकोन झाला. जुन्याशेजारी ठेवला तर पांढराफटक दिसतोय. मनाला येईना. जोडायचं थांबवलं.

हे शहरात गणपत गल्लीत बी-बियाणं आणायला गेले होते. आल्यावर पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या मांडीवर टाकली. दोऱ्याचा गुंडा. सायीच्या रंगाचा.

“जुन्याला जुळंल असला मागितला. दुकानदार म्हटला कुठल्या नंबरचा. मला काय म्हाईत? खिशातनं चौकोन काढून दावला.”

तिचा एक चौकोन खिशात घालून नेला होता! कधी घेतला, पत्ता नाही. मी विचारलं, आप्पांना कळलं तर? “आप्पाचं नाव काढू नको.” आणि पाय धुवायला गेले.

दुसरा चौकोन केला, या दोऱ्याचा. पांढराफटक होता तो फ्रिजवर टाकला.

शनि., १० जाने.

जोडला. निम्म्यापर्यंत. पिन लावली. फार घट्ट आलंय, मला दिसतंय. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदाही तसंच. असू दे म्हटलं. जशी आहे तशी कळू दे.

तिळगुळाच्या डब्याबरोबर नयनाकडं दिलं. नाव सांगू नको म्हटलं. “आणि त्यांनी विचारलं तर?” विचारलं तर सांग, हिंडलग्याच्या काकूंनी दिलं.

बुध., १४ जाने.

संक्रांत. माझ्याकडंही हळदीकुंकू. वाण म्हणून मोबाईलच्या पिशव्या विणल्या होत्या, गल्लीतल्या बायका खूश. सगळ्यांशी हसले. लक्ष घड्याळाकडं. निपाणीत आता बायका जमल्या असतील. आता अत्तर लावलं असेल. आता वाण हातात दिलं असेल.

फोन वाजला. धावले. सिम कार्डवाल्यांचा.

सोम., १९ जाने.

नयना आली. तिला पाणीही प्यायला दिलं नाही, सांग आधी.

आक्का आली होती. शेवटी आली, बहुतेक बायका गेल्यावर. नयनाच्या आईनं वाण दिलं. तिनं वरचा कागद काढला, बघितलं, मग उलटं करून बघितलं. अंगठा फिरवला. नयना तिथंच उभी होती. तिच्याकडं मान वर करून म्हणाली, “तू विणतीस?”

“शिकालोय.”

“कोण शिकिवतंय? समोर बसून का शेजारी?”

“शेजारी.”

तेव्हा म्हणे खाली बघितलं. वाण पिशवीत घातलं आणि गेली. दारात अडखळली.

“रडल्या का?” मी विचारलं. नयना म्हणाली, न्हाय काकू. पण खोटं बोलायला ती चांगली नाही. की खरंच नसेल रडली? आक्का मला कधी रडताना दिसलीच नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही स्वयंपाकघरात होती.

शनि., २४ जाने.

काही नाही. परवा सव्वीस जानेवारीची सुट्टी म्हणून नयना पुन्हा घरी गेलीय. मी उगीच काम काढून बसतेय. ह्यांच्यासाठी कानटोपी विणली. थंडी सरत आली आता, म्हणाले. तरी घालून मळ्यात गेले.

सोम., २६ जाने.

परत आलं.

वाण परत आलं. नयना पिशवी हातात धरून दारात उभी, आत यायलाच तयार नाही. काल रथसप्तमीला आक्का स्वतः तिच्या घरी येऊन देऊन गेली. बसली नाही. “ज्याचं त्यास्नी दे,” एवढंच म्हणाली.

मी उंबऱ्यावरच बसले. पिशवी उघडली नाही. हे आले, त्यांनी उघडली. दोन चौकोन, सुटे. माझं जोडकाम सगळं उसवलेलं. दोरा गुंडाळून, पिन काढून ठेवलेली.

“उसवून पाठवलं म्हणजे संपलं की.” आवाज वेगळा लागला ह्यांचा. “आणि वर ज्याचं त्यास्नी. आणि काय सांगायचं असतंय?”

मी दोरा हातात घेतला. छोटा, गच्च गुंडाळलेला. आत क्रोशाची सुई खोचलेली. मी सुई पाठवली नव्हती. तिची आहे, दांड्याला लाल दोरा बांधलेला, सासूबाईंना सापडू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवायची ती.

मग चौकोन बघितले. एक डावीकडचा, तिचा. दुसरा उजवीकडचा. पण मी दिलेला नाही. हा जुना. कोपऱ्यात एक खांब जास्त झालाय, मोजताना मी बोलत बसले होते तेव्हाचा. तिनं तो एकटाच उसवला नव्हता, असू दे म्हणाली होती. माझा जुना.

म्हणजे ठेवलेत.

नयना विचारत होती, काकू, काय झालं? ह्यांना म्हटलं, “तुम्हाला विणकामातलं काय कळतंय.” आणि खूप रडले. दोघंही घाबरले.

मंगळ., २७ जाने.

सकाळी डोकं थंड झालं. आता वाटतंय, मी मला पाहिजे तसं वाचतेय का? सुई खोचलेली म्हणजे परत कर. तेव्हा तसं होतं. आता तिची सुई तिला नकोच असेल तर? माझं मला देऊन टाकलं, सुईसकट, असंही असू शकतं. नवा चौकोन मात्र ठेवून घेतला. तो का ठेवला? वाण म्हणून? का?

दुपारी जोडायला बसले, तिच्या सुईनं. सोप्यात, नेहमीच्या जागी. पहिलाच टाका घट्ट. उसवला. पुन्हा. पुन्हा घट्ट. फाशीच. समोर बसून कोणी बोलल्याशिवाय माझा हात सैल होत नाही, आणि हे जगात एकाच बाईला माहीत आहे.

ठेवून दिलं. दोन्ही चौकोन, दोरा, सुई कापडी पिशवीत घातली. मग हिरवं गाठोडंही त्यातच घातलं. उगीच. एका जागी असलेलं बरं म्हणून.

हे कानटोपी घालून दारात उभे होते, किती वेळ कोण जाणे.

“रविवारी निपाणीची गाडी किती वाजता हाय म्हटलीस?”

मी काहीच म्हटलं नव्हतं.